पऱ्हाट्या, विडी आणि ताईचा खोकला

ताईला खोकला लागला तेव्हा अकोल्यात कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. तिचं घर जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत, म्हणून सगळ्यांनी खोकला कापसाच्या माथी मारला. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. उभ्या आयुष्यात तिनं तंबाखूला बोट लावलं नाही. विड्या ओढायचे ते भाऊजी. जेवण झालं की दारात खुर्ची टाकायची आणि विडी पेटवायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. ते ठणठणीत होते आणि खोकत होती ती.

मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं होतील. त्यामुळे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं की काही माहिती काढायची असली तर मला फोन करायचा. पोरीच्या ॲडमिशनपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं मी शोधून दिलं होतं. ताईच्या छातीच्या फोटोत उजवीकडे डाग दिसला तेव्हाही फोन मलाच आला.

डॉक्टर म्हणाले, टीबी वाटतो. थुंकीत काही सापडलं नाही, तरी औषधं सुरू झाली. मी टीबीबद्दल वाचलं आणि सगळं जुळलं. खोकला होता, वजन उतरत होतं, थकवा होता. मला बरंच वाटलं, कारण टीबी बरा होतो. पण दोन महिने औषधं घेऊन ताई आणखी वाळली. जिना चढून आली की बाजेवर बसून राहायची, बोलायची नाही. शेवटी मीच अमरावतीहून गेले आणि तिला छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. या डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मोठा स्कॅन काढायला लावला आणि म्हणाल्या, कॅन्सर तर नाही ना ते पाहायला सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल.

इथून माझा गोंधळ सुरू झाला.

भाऊजींचे चुलत भाऊ दारातच म्हणाले, "सुई लावू नका. सुई लावली का तो पसरते."

"कोनं सांगतलं?" मी विचारलं.

"मोबाईलवर आलं नं. शिकलेल्या मानसानं पाठवलं."

मी हसले, पण घरी जाऊन तेच शोधत बसले. एका ठिकाणी लिहिलं होतं पसरत नाही, दुसऱ्या ठिकाणी पसरतो. मराठीत एक मोठा लेख सापडला. तो इतका चांगला लिहिला होता की मी वहीत उतरवून घेतला, आणि शेवटी पाहते तर खाली त्याच लोकांचं चूर्ण विकायला होतं. इंग्रजीत पानंच्या पानं होती. त्यातला प्रत्येक शब्द शोधायला आणखी एक पान उघडावं लागे, आणि दहा पानांनंतर आपण कशासाठी निघालो होतो हेच मला आठवेना. अखेर मी डॉक्टर बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ती भीती फार किरकोळ आहे. तुकडा तपासल्याशिवाय मी औषध कुठलं देऊ?"

तुकडा काढला. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि तो दुसऱ्या बाजूलाही गेलेला होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, तोच तुकडा आणखी एका तपासणीसाठी मुंबईला पाठवते, रिपोर्टला दोनतीन आठवडे लागतील, तोवर घाई नको.

मी घाई केली. दुसऱ्याच आठवड्यात मला एक पान सापडलं. मोठ्या इस्पितळाचं वाटत होतं, चूर्णबिर्ण काही नव्हतं. अशा रोग्याच्या हातात किती महिने असतात, तो आकडा त्यात लिहिला होता. तो वाचून मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. मग भाऊजींना फोन केला आणि आकडा सांगून टाकला. त्यांना कळायला हवं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, एकटीनं तो आकडा सांभाळणं मला जमलं नाही.

चार दिवसांनी मुंबईचा रिपोर्ट आला. डॉक्टर बाईंकडून मला निरोप आला, पण ताई आणि भाऊजी फोन उचलेनात. शेजारणीनं सांगितलं, दोघं चिखलदऱ्याकडे गेलेत, कुणी झाडपाला देतो म्हणून. ताई नवव्या दिवशी परत आली तेव्हा मी अकोल्यालाच होते. काढ्यानं ओकून ओकून तिचे डोळे आत गेले होते. मी भाऊजींवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"भाऊजी, हे काय केलं तुमी?"

ते शांतपणे म्हणाले, "तूच त सांगतलं नं किती दिवस हायेत ते. मंग मनलं, तिले सुया टोचून काहून छळाचं?"

दुसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन डॉक्टर बाईंकडे गेले.

दवाखान्यात मी ते पान डॉक्टर बाईंसमोर धरलं. त्यांनी ते वरखाली सरकवलं आणि विचारलं, "मॅडम, हे कधीचं आहे, पाहिलंत का?"

तळाशी बारीक अक्षरात साल होतं. बरंच जुनं. पोरांना पुस्तक देताना मी रोज सांगायचे, आधी कुणी लिहिलं आणि कधी लिहिलं ते पाहा. आणि मीच पाहिलं नव्हतं. ते खोटं नव्हतं. पण त्यात सगळ्या प्रकारचे रोगी एकत्र धरले होते, आणि ताईच्या रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या जनुकात जो बदल निघाला त्यावरच्या गोळ्या तेव्हा आलेल्याच नव्हत्या.

"रोज एक गोळी," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आजार मुळापासून जाईल असं मी म्हणत नाही. पण बऱ्याच जणांचा आटोक्यात राहतो. यांचा किती राहील, ते घेऊनच कळेल."

भाऊजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "डॉक्टरीनबाई, माह्या विडीनं झालं काय हे?"

मी मध्येच म्हणाले, "लग्नानंतर वीस वर्षं ताईनं सासरी तेल्हाऱ्याला चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या जाळल्या. खोलीभर धूर असायचा." मला कारण हवं होतं आणि ते शक्यतो भाऊजींचं नको होतं.

डॉक्टर बाईंनी दोघांकडे पाहिलं. "विडीच्या धुरानं शेजारच्यालाही धोका वाढतो. चुलीच्या धुरानंही वाढतो. यातलं काहीच नसताना होतो, असंही असतं. यांना नेमका कशानं झाला, ते मला सांगता येणार नाही. विडी मात्र आजपासून बंद."

भाऊजींनी विडी सोडली. पण त्यांना 'हो' तरी हवं होतं, नाहीतर 'नाही' तरी. दोन्ही मिळालं नाही, आणि मला वाटतं ते अजूनही तिथंच अडकलेत.

गोळीनं ताईच्या चेहऱ्यावर पुरळ आलं, नखांच्या कडा दुखायला लागल्या. पण महिन्याभरात खोकला उतरला आणि पुढच्या स्कॅनमध्ये डाग लहान झालेला दिसला. ती ज्वारीची भाकरी करताना मला दिसली, गॅसवर, खिडकी उघडी ठेवून. मी आनंदानं रडावं की पुढच्या स्कॅनची धास्ती घ्यावी, मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

ताईच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायांनी मला या आजारावर बोलायला बोलावलं. मी चार पानं लिहून नेली आणि दुसऱ्याच पानावर अडखळले. प्रत्येक वाक्यापुढे 'पण' येत होतं. ताई मागच्या सतरंजीवर बसली होती. ती उठली.

"अवं, मी सांगतो," ती म्हणाली. वऱ्हाडातल्या तिच्या वयाच्या बाया 'मी सांगतो' असंच म्हणतात. "मी विडी ओढली नाई, तरी मले झाला. खोकला तीन हप्ते हटला नाई त दाखवा. रगत पडलं त त्याच दिशी जा. दवाई घेऊन बी फरक पडला नाई त डॉक्टरले आनखी इचारा, लाजू नका. अन् मोबाईलवर आलेलं माह्या बहिनीले बी इचारू नका."

बाया हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

सभा संपल्यावर एक बाई थांबली. दोन महिने ती खोकल्याचं औषध दुकानातून आणून पीत होती. ताईनं तिला फार विचारलं नाही. "सकाळी चाल माह्यासंग," एवढंच म्हणाली, आणि सकाळी आम्ही तिघी सरकारी दवाखान्यात गेलो. तिच्या थुंकीत टीबी निघाला, खराखुरा, आणि त्याच आठवड्यात औषधं सुरू झाली.

परत येताना मी ऑटोत म्हणाले, "ताई, आपण तिला कॅन्सरची भीती घातली, अन् निघालं भलतंच."

"मंग काय झालं?" ताई म्हणाली. "इलाज त सुरू झाला नं." आणि तिनं ऑटोवाल्याला भाजीबाजाराशी थांबायला सांगितलं.