म्हातारीचा महिना

चिखलीच्या तानाबाईला तीन मुलगे: थोरला चिमाजी, मधला ज्योतीराम, धाकटा यशवंत. सगळे एका चुलीवर जेवत होते तोवर घराला दोन बैलांची एकच दमणी होती. ती चाकणच्या बाजाराला निघाली की चौदा माणसं मावत. पंधरावं कुणाच्या तरी मांडीवर बसे. अडचण होते असं कुणाला वाटत नसे, कारण सोय कशी असते ते अजून कुणी पाहिलं नव्हतं.

पंचावन्न साली भाऊ वेगळे निघाले. पंचांनी वाटणी अशी चोख केली की बोट ठेवायला जागा नाही. दमणी चिमाजीला, एक बैल ज्योतीरामाला, दुसरा यशवंताला. आईही वाटली: अमावास्या ते अमावास्या, एकेकाकडे महिना.

यशवंतानं बैल विकला, पिंपरीच्या कारखान्यांच्या बांधकामाला मजूर पुरवले आणि दोन वर्षांत पुण्याहून जुनी काळी मोटार आणली. घरात आता माणसं चार, मोटारीतही जागा चारच. ते पाहून ज्योतीरामाची बायको मोटारीसाठी नवऱ्याच्या मागं लागली. चिमाजीच्या दमणीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

त्या भाद्रपदात चाकणचा गेनू वांग्या-भेंडीचं माळवं घेऊन आला आणि ओट्यावर टेकला. "मावशी, तुमच्या रतनबाईनं अन्न सोडलंय. सारखी तुमचंच नाव घेती."

रतनबाई पाठची बहीण. अमावास्येला चार दिवस होते आणि महिना चिमाजीचा होता, पुढचा यशवंताचा. मोशीपर्यंत चालून एसटी गाठायची, तर गुडघ्यांनी केव्हाच वेगळं बिऱ्हाड केलेलं.

"यशवंताला सांग की रं," ती चिमाजीला म्हणाली.

"म्या सांगू? मोटारीचा नारळ फोडताना बोलावलं व्हतं का मला?"

मग म्हातारी काठी टेकत स्वतःच गेली. यशवंत मोटारीची काच पुसत होता.

"माझी ना न्हाई, आई. पण म्हईना दादाचा हाय. उद्या म्हणंल, माझ्या म्हईन्यात आईला परस्पर न्हेली, मला गावात हलका केला. त्यानं निस्ता एक शबूद टाकावा."

"तू चाकणला जाणारच हाईस न्हवं?"

"रोजच जातो."

"मंग माझं वज्झं हुतंय व्हय?"

"वज्झ्याचं न्हाई, आई. रीतीचं हाय."

तीन दिवस मोटार चिमाजीच्या दारावरून गेली. मागच्या सीटवर यशवंताची छत्री आडवी झोपलेली असे. म्हातारी ओट्यावरून बघे. चिमाजी बघत नसे; त्यालाही रीत होती.

अमावास्या सरली आणि सकाळीच दारात भोंगा वाजला. म्हातारीच्या लुगड्यानं सीट मळू नये म्हणून धाकट्या सुनेनं चादर अंथरली होती. "ऐसपैस बस, आई," यशवंत म्हणाला. ती मधोमध बसली. दोन्ही बाजूंना एकेक माणूस सहज मावलं असतं.

रतनबाईच्या दारात बायका जमलेल्या दिसल्या. रतनबाईला आदल्या सांजेलाच मसणात नेलं होतं. म्हातारी उतरेना, तेव्हा शेजारची कुशाबाई पुढं झाली, मोटारीच्या टपावरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "गाठ न्हाई पडली. पर पोरानं मोटारीतनं आणली, बया. कुणाच्या नशिबी असतंय?"

परतताना मोशी मागं पडली. मग यशवंतालाच राहवेना.

"बैलं असती तर अर्धा दिस मोडला असता, आई. आपुन पाऊण तासात पोचलो."

"व्हय बाबा," तानाबाई म्हणाली. "लई लवकर पोचलो."