एकाच झाडाचे बाठे

मसुऱ्यात घरामागे वडिलांची कलमांची रोपवाटिका होती. कलमाची वरची काडी हापूसची, खालचा खुंट रायवळाचा. खुंटांसाठी ते बाठे, म्हणजे कोयी, एकाच झाडाचे घेत. ते झाड सड्यावर, गावाबाहेरच्या कातळमाळावर, एकटे होते. परका पराग त्याच्या मोहोरापर्यंत क्वचितच पोहोचे, त्यामुळे रोपे एका जाडीची, एका उंचीची निघत. खुंट सारखे असले की बाग सारखी वाढते, एवढेच ते गिऱ्हाइकांना सांगत.

थोरल्या भावाने त्या झाडाभोवती हापूस लावला. हापूसला परक्या परागाशिवाय फळ नीट धरत नाही, म्हणून मधूनमधून इतर जातीही लावल्या. मोहोर आला तेव्हा त्याने फांद्यांना कुजकी मासळी टांगली. वासावर माश्या येतात, पराग फिरवतात. वडिलांनी ती काढायला सांगितली.

"माशी नाय इली तर फळ धरतला कसा?" भाऊ म्हणाला.

"फळ तुझा. बाठो माझो आसा."

मासळी तशीच राहिली. फळ भरपूर धरले. पावसाळ्यात मात्र त्या झाडाच्या बाठ्यांची रोपे सरमिसळ उगवली, काही किडकिडीत, काही खुजी. वडिलांनी निम्मी उपटून शेणखतावर फेकली. ते बाजारात गेल्यावर भावाने ती उचलून पिशव्यांत लावली. आईने अडवले.

"कलम बांधल्यार खालचो खुंट कोण बघता, आये?"

त्यांवर हापूस बांधून ती कलमे त्याने आरोंद्याला बहिणीच्या सासरी दिली, वडिलांच्या नावावर.

काही वर्षांनी वडील आणि मी तिथे गेलो. काही झाडे डोक्यावर गेली होती, शेजारची कमरेएवढीच, काही मेलेली. बहिणीच्या नवऱ्याने जमिनीला दोष दिला. दोनदा माती आणून टाकली, म्हणाला. वडील एका झाडापाशी वाकले, कलमाच्या सांध्याखाली खुंटावर बोट फिरवले.

"जमीन बरी आसा," ते म्हणाले.

जावयाला ते मन राखण्यासाठी वाटले असावे. मेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा आपल्याकडचीच कलमे द्या, असे बहीण म्हणाली. वडिलांनी सांगितले, आता मी कलमे करत नाही. आम्ही हे तिथेच पहिल्यांदा ऐकले.

त्यांनी पुन्हा चाकू धरला नाही. रोपवाटिका आता भाऊ चालवतो. बाठे आंब्याचा रस काढणाऱ्या कारखान्यातून टेम्पोने येतात. कुठल्या झाडांचे, ते कारखान्यालाही माहीत नसते. कलमे वडिलांच्या नावावरच खपतात.