सोडियम उतरलं तेव्हा

लग्न झालं तेव्हा मुलाम्याच्या कामात त्याचा हात चांगला बसलेला होता. पण टाकीत टांगलेली तांब्याची पट्टी झिजते ती जाते कुठे, हे त्याला बायकोनं सांगितलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून चेष्टेनं तोही बाईच म्हणू लागला.

"अहो, अणूनं दोन इलेक्ट्रॉन सोडले की त्याचा आयन होतो आणि पाण्यात उतरतो," घराखालच्या कारखान्यात निळ्या टाकीवर वाकून ती म्हणाली होती. "मुलाम्यासाठी टांगलेल्या तुमच्या चमच्यापाशी दोन इलेक्ट्रॉन परत मिळाले, की झालं पुन्हा तांबं."

"म्हणजे आजोळी जाऊन बाळसं धरावं तसं!"

ती खळखळून हसली होती.

एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला तो शाळेत गेला. तिनं सोडियमचा इवलासा तुकडा पाण्यात टाकला, तो सूं सूं करत पेटला, आणि हा रेतीची बादली घेऊन वर्गात घुसला. मुलांची हसून मुरकुंडी वळली.

त्यांना मूल झालं नाही. एकमेकांना धरून दोघं म्हातारी झाली. मग तिला खोकला लागला. "तुमच्या टाक्यांची वाफ वर येते हो," ती म्हणाली. त्यानं लगेच खाली वाफ ओढणारा पंखा बसवला. खोकला काही हटला नाही. पुढे ती शब्द चुकू लागली, आणि एका सकाळी चप्पल कुठल्या पायात घालायची हेच तिला कळेना. त्यानं तिला तडक रुग्णालयात नेलं.

"रक्तातलं सोडियम फार उतरलंय," डॉक्टर म्हणाले.

"सोडियम? रक्तात? अहो, ते तर पाण्यात पेट घेतं!"

डॉक्टर काही बोलणार, तोच खाटेवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच, पण आवाज खणखणीत. "तो धातू. हा आयन. एक इलेक्ट्रॉन देऊन बसलाय, आता कशाला पेटेल?"

त्याचा जीव भांड्यात पडला. तो खाटेवर वाकला. "बाई, मला ओळखलंस का?"

तिनं डोळे उघडून त्याला नीट न्याहाळलं. "कोणाचे पालक तुम्ही?"

"कोणाचा नाही," तो म्हणाला. "तुम्हालाच भेटायला आलोय."

"बसा मग. तास संपू द्या."

तो बसला. तिचा हात हातात घ्यावासा वाटला, पण परक्या माणसानं कसा घ्यावा? त्याच आठवड्यात ती गेली.

फुप्फुसात कर्करोगाची गाठ होती, त्या गाठीनंच सोडियम उतरवलं, असं डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "आमच्या टाक्यांच्या वाफेनं झाली असेल का हो?"

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

रुग्णालयाच्या जिन्यावर पोचल्यावर त्याच्या मनात आलं, सांगता येत नाही म्हणजे काय? वाफेनं झाली नाही असं, की कोण जाणे असं? मागे वळून विचारायला त्याचे पाय उचलेनात.