उसात गेलं की शून्य

आमच्या ग्लायडरवाल्यांचा एक नियम होता: विमान माळावरच उतरलं पाहिजे, शेजारच्या उसात गेलं की शून्य. मोटार नाही, काही नाही. हातानं फेकायचं, ज्याचं जास्त वेळ तरंगेल तो जिंकला. सोलापूरबाहेरच्या त्या माळावर मी नवीन होते आणि मला जिंकायचंच होतं.

पहिल्याच रविवारी माझं थर्मोकोलचं ग्लायडर तापलेल्या हवेवर असं चढलं, की घारीच्या बरोबरीनं घिरट्या घालायला लागलं! मी चपला टाकून धावले. सगळे माना वर करून बघत होते. मग ते डुलत डुलत उसात शिरलं. मीच आत घुसून काढून आणलं. शून्य.

नवख्याचं विमान उतरलं की प्रत्येकानं एक चूक सांगायची आणि चहा संपेपर्यंत नवख्यानं उलट बोलायचं नाही, ही तिथली रीत. शेपूट जड, फेक वाकडी, सगळं ऐकून घेतलं. कसं ते माझं मला माहीत. वर्गात पोरं माझ्यासमोर चळाचळा कापतात. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "तुमचा नियमच चुकलाय. जे जास्त उडतं त्यालाच शिक्षा? उसात शिरेपर्यंतची वेळ धरा."

सर्वांत जुने सदस्य, निवृत्त तलाठी काका, उसळले. "न्हाय जमायचं, म्याडम! उसात हुडकत कोण बसणार? तुमी?"

"मी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग करा की नियम. कुणाचंबी जाऊ द्या, हुडकायचं म्याडमनी."

सगळ्यांनी हसत होकार दिला. नियम बदलला, पण पुढच्या रविवारपासून. माझं शून्य तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी शेपूट हलकं करून नेलं. शेवटची फेक उरली तेव्हा मीच पुढे होते. ती फेक काकांची. त्यांचं ग्लायडर चढलं, चढतच गेलं आणि माझी वेळ मागे टाकून थेट उसात! जुना नियम असता तर मी जिंकले असते.

"म्याडम, लई झाक नियम केलात की!" काका उड्या मारत होते.

असा राग आला! पण शब्द दिला होता. ओढणी कमरेला खोचून आत घुसले. पानांनी दोन्ही हात खरचटले. पांढरा पंख दिसला तेव्हा मात्र राग कुठल्या कुठे गेला, आतूनच ओरडले, "सापडलं, काका! धडधाकट आहे!"

काकांनी विमान घेतलं, मग माझे हात बघितले. "म्होरल्या येळेपासनं हुडकायला मीबी येतो," ते हळूच म्हणाले. "ह्यो नियम आपल्या दोघांचाच."

"चालेल," मी म्हटलं, "पण म्हणून मी तुम्हाला जिंकू देणार नाही."