आबांचं नाक

आबांचं नाक मेलेलं होतं. हे मी वाईट अर्थानं म्हणत नाही, ते स्वतःच तसं सांगत. पंचवीस-तीस वर्षं वेल्डिंगचा धूर खाऊन त्यांना कसलाच वास येईनासा झाला होता. घरात फोडणी जळाली तरी ते आपले शांतपणे जेवत बसत, असं त्यांच्या पत्नी, अक्का, सांगायच्या.

ऐंशीच्या दशकात जळगावच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. आबा तिथले सगळ्यात जुने वेल्डर. गाव धुळ्याकडचं, बोली अस्सल खानदेशी. वेल्डिंगचा गॅस आम्ही तिथंच तयार करायचो. लोखंडी टाकीत पाणी असायचं, त्यात कार्बाइडचे खडे पडले की गॅस निघायचा. त्याला लसणासारखा उग्र वास. तो हवेत आला, की समजायचं कुठंतरी गळतंय आणि काडी ओढायची नाही.

आबांना नेमका तोच येत नसे. म्हणून काडी ओढण्याआधी ते मला हाक मारत. मी टाकीपाशी, नळीपाशी वाकून हुंगायचो. वास येतोय का, असं ते आपल्या बोलीत विचारत, "वास ई राहिना का रे?" मी "नाही, आबा" म्हटलं की मगच ज्योत पेटे. बी.कॉम. झालेला माणूस हुंगत फिरतो म्हणून फिटर लोक माझी टर उडवायचे. मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर मनातून अभिमानही वाटायचा, कारण आबांनी कारखान्यातल्या एवढ्या नाकांतून माझं निवडलं होतं.

कार्बाइडचा ड्रम माझ्या ताब्यात. त्याला पाणी लागू द्यायचं नाही, ही एकच गोष्ट आबांनी पहिल्या दिवशी मला शिकवली. स्टोअरमध्ये त्यासाठी वीतभर उंच ओटा होता. ड्रम त्यावर ठेवायचा, झाकण कड्यानं आवळायचं. "पानी लागनं तं बठ्ठं उडी जाई," सगळंच उडेल, असं ते बजावत. मी मान डोलवायचो.

आता माझी करामत ऐका. कार्बाइडनं आंबे झटपट पिकतात, हे त्या काळी सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात काही गैर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जो तो माझ्याकडे यायचा. खानदेशात आखाजीला आमरस नसेल तर सण झाला असं कुणी म्हणत नाही. कारखान्यातले कामगार, ऑफिसातले लोक, ट्रॉली न्यायला आलेला सावद्याचा एक केळीवाला, सगळ्यांना मी वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून द्यायचो. लोक "भाऊ, भाऊ" करायचे. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो? दर वेळी कडं सोडायचं, ओट्यावर चढून आत हात घालायचा, याचा कंटाळा येऊ लागला, म्हणून त्या वर्षी मी हमालाकडून ड्रम खाली फरशीवर घेतला आणि झाकण नुसतं वर टेकवून ठेवलं. आखाजी झाली, आंबे संपले. ड्रम खालीच राहिला. रिकाम्या ओट्यावर मी रंगाचे डबे रचले.

स्टोअर कसं ठेवायचं याचा एक छापील तक्ता होता. ड्रम ओट्यावर आहे का, झाकण बंद आहे का, पाण्यापासून लांब आहे का. दर महिन्याला तपासून बरोबरची खूण करायची आणि सही ठोकायची. कागदी घोडे नाचवण्यात मी पटाईत होतो.

खंडेनवमीला कारखाना धुवायचा रिवाज होता. यंत्रं पुसायची, फरशा धुवायच्या आणि दसऱ्याच्या सकाळी हत्यारांची पूजा. मला स्वच्छतेची भारी हौस. इतरांनी बादल्यांनी पाणी मारलं, मी स्टोअरमध्ये पाइपच सोडला. भिंती, कोपरे, रॅकच्या खालची वर्षाची धूळ, सगळं खळखळून धुतलं. ड्रमलाही वरून एक फवारा दिला, कारण त्यावर हाताचे डाग पडले होते. मग धूळ येऊ नये म्हणून खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि समाधानानं घरी गेलो. हे लिहितानाही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. मी तो ड्रम धुतला. माझ्या हातानं.

दसऱ्याच्या सकाळी सगळे नवे कपडे घालून आले. गॅसच्या नळ्या, पाने, हातोड्या स्टोअरमध्येच असत, म्हणून पूजा तिथंच. दिवा कारखान्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसानं लावायचा, म्हणजे आबांनी. मी कुलूप काढलं. आबा काडेपेटी घेऊन आत गेले, मी झेंडूचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभा. मागे दहा-पंधरा माणसं, त्यांचं आपलं हसणं-खिदळणं चाललेलं.

आत लसणाचा वास होता. थोडाथोडका नव्हे, चांगला भपकारा.

आबांनी सवयीनं मागे वळून विचारलं, "वास ई राहिना का रे?"

टाकीपाशी विचारलं असतं तर मी तत्काळ ओरडलो असतो. पण तिथं टाकी नव्हती, झेंडू होता, उदबत्तीचा पुडा होता, सण होता. मागे सगळे ऐकत होते आणि मला विनोद सुचला. मी म्हणालो, "येतोय ना, आबा! कुणीतरी डब्यात ठेचा आणलेला दिसतोय." आणि हसलो. मागचेही हसले. आबाही हसले. त्यांनी काडी ओढली.

आवाज मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी अंगणात पाठीवर पडलो होतो आणि सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे वरून खाली येत होते. छप्पर उडालं म्हणून भिंती उभ्या राहिल्या, असं नंतर जाणकार म्हणाले. माझ्या भुवया जळाल्या, बाकी काही नाही. इतरांना खरचटलं. मोडक्या दारातून आबा चालत बाहेर आले. दोन्ही हात पुढे धरलेले. चेहऱ्याकडे मला बघवेना. ते इतक्या साध्या आवाजात विचारत होते, "काय व्हयनं? काय व्हयनं रे?" की मी तिथं बसलो आणि ओकलो.

दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. हात बरे होतील, डोळ्यांचं आताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ज्या माणसाचं नाक आधीच गेलेलं, त्याचे डोळेही गेले तर काय उरलं? त्या आठवड्यात मी जेवलो की नाही, मला सांगता येणार नाही. अक्का रोज माझ्यासाठीही डब्यात भाकरी आणत आणि "तुले लागनं नही ना रे भाऊ?" असं विचारत.

मग वरातीमागून घोडं यावं तसे सरकारी साहेब चौकशीला आले. जळकं स्टोअर पाहिलं. फुटलेला ड्रम फरशीवर होता, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्यांनी तो छापील तक्ता मागितला. तो ऑफिसच्या फायलीत सुरक्षित होता. मी नेऊन दिला. साहेब त्यावरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "अजून ऑक्टोबरच चालू आहे ना हो?"

मी वाकून पाहिलं. नोव्हेंबरपुढे खूण होती. डिसेंबरपुढेही. ड्रम ओट्यावर, झाकण बंद, पाणी लांब. खाली माझी सही. जानेवारीत एका रिकाम्या दुपारी मी अख्खं वर्ष भरून टाकलं होतं आणि विसरूनही गेलो होतो. छप्पर उडालं तेव्हा बसला नसेल एवढा धक्का मला त्या कागदानं बसला. फाशीची शिक्षा व्हावी असं वाटलं. साहेबांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात आबांच्या पट्ट्या सोडल्या. उजव्या डोळ्याला दिसू लागलं. डावा कायमचा गेला. त्याच दिवशी साहेब जबाब घ्यायला आले. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

"आत गेल्यावर गॅसचा वास आला होता?"

"मले कसा ई, साहेब? मनं नाक मरी जायेल शे."

"मग कुणाला विचारलं नाही?"

आबांनी उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दसराना दिन व्हता. त्या दिन कोन इचारस?"

साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि ते गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, धक्क्यानं ते विसरले असतील. देवा, विसरलेच असू देत, असंही मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं."

"मले म्हाईत शे." ते छताकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. "तू हासना, म्हनीसन मी काडी ओढी."

मी धावत जिना उतरलो. साहेब फाटकापाशी सायकल रिक्षात चढत होते. मी रिक्षाचा दांडा धरला आणि म्हणालो, तो जबाब खोटा आहे. त्यांनी पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि पेन माझ्यापुढे केलं. "तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, की वास येतोय का असं त्यांनी मला विचारलं होतं. आणि मला येत होता.