एका सुताची हाव

आधी हातातला चहा संपवा बघू. गेल्या वेळी हा किस्सा सांगत होतो, तर एकाच्या नाकातून चहा आला आणि सगळा माझ्याच शर्टावर! संपला? मग ऐका माझी फजिती.

मी मूळचा पोलादपूरचा, पण दुकान महाडात. पत्र्याच्या पेट्या आणि कपाटं. एके काळी कापड्यापासून शिवथरपर्यंत नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पेटी माझ्याच हातची असायची. बढाई नाही, विचारा कुणालाही! पण नव्वद सालानंतर बाजारात त्या चाकांच्या सुटकेसा आल्या आणि माझ्या पेट्यांवर धूळ चढायला लागली. घरात बायको बोलत नव्हती, पण भांडी जरा जोरात आपटत होती.

अशा वेळी धावून आली हलिमाचाची. तिचं घर माझ्या दुकानाच्या मागेच. तिचा मुलगा मुश्ताक मस्कतला फर्निचरच्या कारखान्यात देखरेखीला होता. चाचीनं फोनवर त्याला एवढंच सांगितलं, "आपल्या दत्ताला बोलवून घे." झालं! चाचीच्या शब्दाला नाही म्हणणारा माणूस महाडात तर नव्हताच, मस्कतातही निघाला नाही. माझा व्हिसा आला. चाचीही नातवाला बघायला माझ्याबरोबरच निघाली.

पण तिथल्या शेठची एक अट होती. हातचं काम दाखव, मग नोकरी. त्यातून दुसरा एक कारागीर दारात तयारच बसला होता. म्हणजे हे विमान चुकलं की नोकरी गेली.

नमुना म्हणून मी एक पेटी करायची ठरवली. सामानात टाकली तर आपटून पोचे पडणार, म्हणून ती हातातूनच न्यायची. तिकीटवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "हातातल्या बॅगेचं माप ठरलेलं असतं. बावीस, चौदा, नऊ इंच. विमानतळावर खोक्यासारखा, बुडाला बंद असा लोखंडी साचा असतो. त्यात बसली तर न्यायची."

आता आमच्या धंद्यात एक नियम आहे. कशाच्या आत काही बसवायचं असेल, तर एक सूत मोकळं सोडायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कपाटातला खण सुखानं आतबाहेर होतो तो त्या सुतामुळेच. हे मला वडिलांनी कान पिळून शिकवलेलं. पण म्हटलं, कंपनी बावीस इंच देतेय, तर आपण बावीस घ्यावेत की! एक सूत त्यांना फुकट का सोडायचं?

नाही सोडलं. कोपरे असे काटकोनात, की गुण्या लावला तर खालून उजेड दिसू नये. कडीसुद्धा आत दुमडणारी केली.

चाची बघायला आली. "दत्ता, पेटी कशाला रे? माज्यासारखं बोचकं बांध."

तिचं बोचकं म्हणजे जुन्या चादरीत वाळवलेल्या कोळंबीचे सोडे, पापड, तांदळाचं पीठ, बाळाची गोधडी आणि वर चार गाठी.

"चाची, विमानात बोचकं? ते तुझं त्या साच्यात बसायचं नाही, सांगून ठेवतो."

"बघू," चाची म्हणाली. एवढंच.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझ्या पेटीकडे संशयानं पाहिलं. "सर, ये बॉक्स उसमें डालिए."

अहो, मी त्याचीच तर वाट बघत होतो! छाती काढून गेलो आणि पेटी साच्यात सोडली. 'फुस्स' असा हवा निघाल्याचा आवाज झाला आणि पेटी तळाला जाऊन बसली. काय बसली! वरून हात फिरवला तरी जोड कळेना. तो साचा करणाराही माझ्यासारखाच हावरट असणार. मी वळून लोकांकडे बघितलं. टाळ्या वाजवायला कुणाची हरकत नव्हती.

"ठीक है," मुलगी म्हणाली. "अब निकालिए."

कडी धरून ओढली. हलेना. पाय रोवून ओढली, तर साचाच उचलला गेला! हमाल आला, त्यानं साचा धरला, मी पेटी धरली. शेवटी आम्ही दोघंच जवळ आलो, बाकी काही नाही.

तेवढ्यात टायवाला साहेब धावत आला. "ये क्या है?"

"साहेब, मापात आहे!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"पेटी यहीं छोड़ो और जाओ!"

कसा जाणार? मस्कतात शेठला काय दाखवू, मोकळे हात? बरं, माझ्या मागच्या लोकांची चैन चालली होती. साचाच भरलेला, मग त्यांच्या बॅगा मोजणार कशात? डोंगराएवढ्या बॅगा घेऊन माणसं पटापट पुढे जात होती. एकानं तर जाता जाता माझे आभार मानले. इकडे विमानाची घोषणाही झाली.

मग चाची पुढे झाली. काय बाई आहे, महाराजा! घोळक्यात शिरली ती आपल्याच स्वयंपाकघरात शिरल्यासारखी.

"दत्ता, सांदण करताना वाटीला आदी तेल लावतात का नाय? तू लावलंस नाय. आता मागून लाव."

तिनं बोचक्यातून खोबरेल तेलाची बाटली काढली, नातवाच्या मालिशसाठी नेत होती ती. तेव्हा तेलाला कुणी अडवत नसे. चारी कडांनी धार सोडली आणि साहेबाकडे वळली.

"पोरा, तू तरणा हायस. ह्यो साचा उपडा धर."

आणि साहेबानं धरला हो! टाय खांद्यावर टाकून धरला! चाचीनं पायातली चप्पल काढली आणि साच्याच्या बुडावर ठणाठण हाणली. पाचव्या-सहाव्या दणक्याला पेटी सुळकन बाहेर आली आणि गुळगुळीत फरशीवरून घसरत थेट काउंटरखाली गेली.

टाळ्या वाजल्या. मला नव्हे, चाचीला.

"जाइए!" साहेब तेलकट हात झटकत ओरडला. "दोनों जाइए!"

बोचकं कुणी मोजलंच नाही. चाची ते काखेत मारून राणीसारखी पुढे, आणि मी मागून तेलानं निथळती पेटी घेऊन.

मस्कतात शेठनं पेटी चारी बाजूंनी निरखली. कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, खूश झाला. मुश्ताककडून त्यानं मला विचारलं, "मापाला पक्का आहेस का?"

"सूतभर फरक नाही, शेठ!" मी म्हणालो.

इथं गप्प बसते ती चाची कसली? तिनं आपल्या हिंदीत विमानतळाचा सगळा प्रकार सांगितला, हातवाऱ्यांसकट. पेटीही तीच झाली, साचाही तीच, आणि चप्पल तर खरीखुरीच काढली. शेठ डोळे पुसेपर्यंत हसला.

मग मुश्ताकला म्हणाला, "ठेवून घे याला. असा हात मिळायचा नाही. कपाटं सगळी यानंच करायची." आणि जाता जाता दारातून वळून म्हणाला, "खण मात्र दुसऱ्याकडून करून घे."

पुढं मी मस्कतात कैक वर्षं कपाटं केली. पण खणाला मला शेवटपर्यंत कुणी हात लावू दिला नाही.