डावखुऱ्यांच्या शोधात

मी मानसशास्त्र शिकवते असं सांगितलं की चांद्यातले, म्हणजे आताच्या चंद्रपुरातले, लोक एकतर तळहात पुढे करत, नाहीतर घरातल्या वेडसर दिराची कहाणी काढत. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. शिक्षकांच्या ट्रेनिंगच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. नागपूरला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं, तेव्हा मानसशास्त्र हा त्यातलाच एक कोपरा होता. माझा जीव त्या कोपऱ्यातच अडकला. पुढे बी.टी. झाले आणि एम.एड.च्या प्रबंधाला विषय घेतला डावखुऱ्या मुलांचा.

विषय काही आकाशातून पडला नव्हता. मी जन्माची डावखुरी. पाटी हातात आली तशी आईनं माझा डावा हात फडक्यानं कमरेशी बांधायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी माझी जीभ अडखळू लागली. हात बदलायला लावला की मूल तोतरं होतं, असं तेव्हाची पुस्तकं ठासून सांगत. खरं की खोटं, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी कुणी अजून हात न लावलेली मुलं हवी होती. नागपुरात ती मिळेनात. तिथल्या आयांनी शाळेआधीच काम उरकलेलं.

मूल गावाकडच्या धानपट्ट्यातले एक मास्तर आमच्याकडे ट्रेनिंगला होते. ते एकदा सहज म्हणाले, "बाई, आमच्या शाळेत डावखुरे पोट्टे बहुत हायेत. त्याईले कोणी काई म्हणत नाई." मला तर घबाडच सापडलं. सुट्टीत ते गावी निघाले तेव्हा त्यांच्याजवळच हेडमास्तरांना निरोप दिला, की डावखुरी मुलं बघायला मी येते आहे.

मोटारीतून धूळ खात पोचले तर शाळेच्या दाराला आंब्याची पानं, आत नारळ, आणि मुलं रांगेत. हेडमास्तर वयस्क, भला माणूस. त्यांनी इशारा केला आणि सगळ्या वर्गानं पाटीवर श्रीकार काढला. एकूणएक उजव्या हातानं.

"डावखुरी मुलं कुठं आहेत?"

"आता एकबी नाई, बाई!" त्यांचा चेहरा खुलला होता. "तुमचा निरोप आला त्या दिवसापासून सारे सुधरवले. डाव्या हाताले फडकं बांधलं, दोघातिघाईले छडी देल्ली. शाळेचं नाव खराब होऊ देतो का मी?"

मी कपाळाला हात लावला. शहरातून कुणी बघायला येतंय म्हणजे तपासायलाच येणार, दुसरं कशाला? आजवर त्यांच्याकडे आलेला प्रत्येक साहेब चुका काढायलाच आला होता. मी परोपरीनं सांगितलं की यात दोष नाही, मुलांना डाव्या हातानं लिहू द्या. मुलं हलेनात, हेडमास्तरांकडे बघत बसली. शेवटी मीच खडू डाव्या हातात घेऊन फळ्यावर लिहायला गेले. इतक्या वर्षांत त्या हातानं लिहिलं नव्हतं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. वर्गात खसखस पिकली.

"फसू नका रे," हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाई परीक्षा घेऊन राह्यल्या."

संताप गिळून मी पुढच्या मुलीला नाव विचारलं. तिचे ओठ हलले. "म... म... म..." पुढे काही येईना. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

"पहिलेपासून अशीच बोलते?" मी विचारलं.

"नाई जी. आता-आताच असं करून राह्यली. लाजते."

पुस्तकातलं वाक्य माझ्यासमोर उभं होतं, आणि मला ते नको होतं. माझा तोल गेला. "सोडा हो या पोरांना! काय चालवलंय हे?" असं मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची बाया-माणसं दारात गोळा झाली.

हेडमास्तरांनी हात जोडले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"चुकलं, बाई," ते म्हणाले. "कच्चेच राह्यले पोट्टे. आणखी थोडे दिवस द्या मले, पक्के करून देतो."

त्या पोरीनं डावा हात पाठीमागे नेला.